बी राखलेला समुद्र

वीस वर्षं मी अकोल्याच्या शाळेत भूगोल शिकवतो आहे, आणि परवापरवापर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता. हसा खुशाल. फळ्यावर निळ्या खडूनं हिंदी महासागर मी इतका सुरेख काढतो, की इन्स्पेक्टर साहेबांनी एकदा पाठ थोपटली होती. पण खरं पाणी पाहिलं ते वर्धा नदीचं, कौंडण्यपूरच्या जत्रेत, तेही गुडघाभर. म्हणून मॉरिशसला जायची रजा मागितली तेव्हा हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कावून गा, समुद्र पायले तीन महिने लागतेत?"

समुद्र पाहायला मी गेलोच नव्हतो. मी गेलो होतो यमूला आणायला.

यमू माझी धाकटी बहीण. दहा-अकरा वर्षांपूर्वी मी अमरावतीला मास्तरकीचं पुढचं शिक्षण घेत होतो तेव्हा माझ्या खोलीत माधव नावाचा मुलगा राहायचा. तो त्या बेटावरचा. त्याचे पणजोबा कधीकाळी कोकणातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले. सुट्टीत मी त्याला वरूडजवळच्या आमच्या गावी न्यायचो. बागेत संत्री खाता खाता त्याचं यमूशी कधी जमलं, ते मला खोलीतल्या खोलीत कळलं नाही. लग्न झालं, बोट लागली, यमू गेली. नऊ वर्षांत ती एकदाही माहेरी आली नव्हती. बागेनं दोन हंगाम साथ दिली, तिकिटापुरते पैसे जमले, तेव्हा मायनं माझ्यापुढं पिशव्या मांडायला सुरुवात केली. ज्वारी, जवसाची चटणी, सांडग्या मिरच्या, अंबाडीचं बी.

"माय, तिकडे पाठवून राहिली का दुकान लावून राहिली?" मी म्हणालो.

"तू तोंड चालवू नोको," माय म्हणाली. "सामान तिकडे ठेवजो अन् पोरीले इकडे आणजो. माह्या डोयात आता मोतीबिंदू उतरून राहिला. दिसते तवर पाहू दे तिले."

बेटावर

बोटीचे दिवस सांगत नाही. त्यातले निम्मे मी पालथा पडून काढले आणि उरलेले पालथा पडण्याच्या तयारीत. बंदरात उतरलो तेव्हा पायाखालची जमीनही हलत होती. गर्दीतून एक उन्हानं रापलेली, पायात रबरी चपला घातलेली बाई माझ्याकडे धावत आली. मी बाजूला सरकलो, म्हटलं, हिची वाट अडली असेल.

"काय व दादा, ओयखलं नाई का मले?"

नऊ वर्षं तिच्याशी वऱ्हाडी बोलणारं तिथं कुणी नव्हतं, तरी एक अक्षर बदललं नव्हतं. आम्ही दोघंही भर धक्क्यावर रडलो. माधव सामानापाशी शहाण्यासारखा दुसरीकडे पाहत उभा राहिला.

गावाला जाताना दोन तास दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. आपल्याकडे कापसाची पऱ्हाटी जशी नजर जाईल तिथवर, तसा. पण आपल्या पऱ्हाटीत हे वावर याचं, ते त्याचं असं असतं. तिथं विचारलं की एकच उत्तर, मळेवाल्या साहेबाचं. ऊस संपला तिथं जमीन संपली आणि गाव लागलं. गावाचं नाव फ्रेंच आहे, ते मला अजून धड म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

आणि मग समुद्र दिसला. मी फळ्यावर काढायचो तसा तो मुळीच नव्हता. किनाऱ्यालगत फिकट हिरवं, हललं न हललंसं पाणी. पार लांब एक पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर एकसारखा घुमणारा आवाज. रेघेपलीकडे काळंनिळं. गावातली माणसं त्याला आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी म्हणतात. आपण नाही का आतली खोली आणि बाहेरची ओसरी म्हणत, तसं.

यमूचं घर या आतल्या पाण्यापासून वीस पावलांवर. घरात माधव, त्यांची सात वर्षांची रमा आणि यमूचे सासरे सखारामबुवा. माधव शाळेत शिकवतो. सखारामबुवांनी अर्धं आयुष्य ऊस तोडला आणि उरलेलं होडीत काढलं. त्यांची मराठी म्हणजे शंभर वर्षं पेटीत ठेवलेलं कापड, घडीवर विरलेलं पण रंग पक्का. मधेच बेटावरच्या क्रिओल बोलीतला शब्द यायचा, मग मी यमूकडे पाहायचो.

पहिल्या रात्री यमूनं माझ्यासमोर ऑक्टोपसचं कालवण ठेवलं. बोटभर लांबीचे तुकडे, त्यावर गोल गोल चकत्या. मी मटण खाणारा माणूस, पण त्या चकत्या माझ्याकडे पाहत आहेत असं वाटायला लागलं. रमा हसून लोळली. यमूनं गुपचूप ताट बदललं आणि मायच्या ज्वारीची भाकरी थापली. पहिला घास तिनं स्वतःच मोडला. तोंडात धरला आणि कितीतरी वेळ चावलाच नाही.

"दादा, चुलीजवळ माय बसली आहे असं वाटून राहिलं," ती म्हणाली.

मी लगेच मुद्द्यावर आलो. म्हणालो, गणपती झाले की अनंत चतुर्दशीनंतर बोट आहे, रमाला घे, चार महिने चल. ती ताट आवरू लागली. माधव म्हणाला, "जा ना. इथलं आम्ही पाहू." यमू उठली आणि दारातून पाण्याकडे पाहत राहिली.

खडकावर

ती हो का म्हणेना, ते दुसऱ्या दिवशी कळलं. पाणी उतरलं तेव्हा गावातल्या बाया हातात लोखंडी सळ्या आणि टोपल्या घेऊन पाण्यात चालत निघाल्या. खडकांच्या भोकांतून ऑक्टोपस काढायचे, हे त्या गावातलं बायांचं काम. पुरुष होडीनं मासे धरतात. मीही धोतर खोचून मागं गेलो. नदी ओलांडताना आपण गोट्यावर पाय देऊन जातो ना, तसा टणाटण उड्या मारत चाललो.

"मास्तर!" सखारामबुवा होडीतून ओरडले. "पाय उचला! जिता हाय तो!"

मी खाली पाहिलं. ज्याला गोटा समजलो होतो त्याला फांद्या होत्या, आणि माझ्या पायाखाली त्यातल्या तीन मोडल्या होत्या. पोवळं. प्रवाळ हा सजीव आहे, हे वीस वर्षं पोरांकडून घोकवून घेतलेलं वाक्य माझ्या तळपायाला टोचलं. यमूनं मला हात धरून होडीत बसवलं आणि स्वतः होडीच्या कडेनं चालू लागली.

"हा दगड मेला की सगळं मेलं," सखारामबुवा वल्हं मारता मारता म्हणाले. त्यांनी त्या पांढऱ्या रेघेकडं बोट केलं. "तिथं बाहेरची लाट फुटते, म्हणून आमचं घर उभं हाय. अन् या दगडात मासा जन्मतो, म्हणून आमची चूल पेटते. आता म्हणतात स्वराज्य येणार, आपलं निशाण येणार. येऊ दे. पण ऊस साहेबाचा, गिरणी साहेबाची. आपलं म्हणायला हे आतलं पाणीच तेवढं. तेच रिकामं झालं तर निशाण लावून खाणार काय?"

मी गावाला येताना दोन तास उसातून आलो होतो, म्हणून मला ते सांगावं लागलं नाही. सबंध बेटावर भात पिकत नाही, गहू पिकत नाही. तांदूळ बोटीनं येतो. कालवण तेवढं समुद्रातून.

पुढे एके ठिकाणी पाण्यात चार बांबू रोवलेले होते. त्यांना लाल चिंध्या. त्याच्या आत कुणी बाई पाय घालत नव्हती. यमूनं सांगितलं ते असं. पाच-सहा वर्षांत ऑक्टोपस घटत गेले, जे मिळायचे ते मुठीएवढे. बाया मिळेल तो खायच्या, पिल्लू असलं तरी. वर आणखी, लोक पाण्यातला दगड तोडून टोपल्यांनी विकायचे. मग यमूनं बायांना गोळा केलं आणि म्हणाली, एवढ्या तुकड्याला एक वर्ष हात लावायचा नाही. ऑक्टोपस धरायचा नाही, दगड तोडायचा नाही. गेल्या नाताळला बायांनी शपथ घेतली, या नाताळला तुकडा उघडायचा.

"तुह्या डोक्यात कुठून आलं हे?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? माय काय करे?" ती म्हणाली. "आठवते तुले, त्या साली पाणी पडलं नाई अन् घरात दाणा नव्हता? म्या बियाच्या मडक्यात हात घातला होता. ज्वारी होती ना त्यात, राखेत घोयलेली. मायनं असा हात सडकला माह्या! म्हणे, मरू पण बी खायचं नसते. मंग स्वतःच रडत बसली. मले त्या दिवशी लय राग आला होता तिचा."

मला आठवत होतं. त्या रात्री आम्ही अंबाडीची भाजी नुसती उकडून खाल्ली होती.

"हे माह्या मायचं मडकं होय," यमू बांबूंकडे पाहत म्हणाली. "म्या आता गेली अन् कोणी हात घातला त्याच्यात तं?"

तिच्या शेजारी मारी नावाची एक थोराड बाई चालत होती. काळी, उंच, डोक्यावर गवताची टोपी. बायांमध्ये तिचा शब्द चाले. यमूनं तिला क्रिओलमध्ये आमचं बोलणं सांगितलं. मारीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. यमूचा चेहरा एकदम फुलला.

"ती म्हणते, आईचे डोळे थांबत नाहीत, पाणी थांबन. जा. नाताळपर्यंत मी राखीन."

त्या संध्याकाळी यमूनं ट्रंक काढली. मायसाठी वाळवलेली व्हॅनिलाची शेंग, माझ्या पोरांसाठी शिंपले, रमाचे फ्रॉक. भरायची, पुन्हा काढायची, पुन्हा भरायची. मधेच थांबून विचारायची, "आंगणातली विहीर तशीच आहे ना? संत्र्याचा बहार कवा धरणार यंदा?" मी एवढा आनंदात होतो की तिसऱ्या दिवशी ऑक्टोपससुद्धा खाल्ला. चांगला लागतो. थोडा चिवट.

चुना

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला लाज वाटते, पण मीच केलं, तर सांगणार कोण?

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलत होती. यमूच्या घराच्या भिंती उघड्या होत्या. करड्या, डाग पडलेल्या, पोपडे आलेल्या. गणपती आठ दिवसांवर आले आणि भिंतीला चुना नाही! आपल्याकडे गरिबातला गरीबही सणाआधी एक हात मारून घेतो. गावातली पंधरावीस घरं तशीच होती. मला वाटलं, ओढगस्त आहे. आता बहिणीच्या सासरी उणं दिसलं तर भावानं काय करावं, ही आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. तोंडानं बोलायचं नाही, हातानं भरून काढायचं. विचारलं असतं तर माधवला ओशाळवाणं वाटलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. एवढीच माझी चूक, आणि सगळी चूकही तीच.

दोन मैलांवर एक भट्टी मी येताना पाहिली होती. माधव शाळेत, बुवा होडीत, यमू खडकावर. मी भट्टीवर गेलो, खुणांनी बोलून दोन पोती कळीचा चुना घेतला, बैलगाडी ठरवली आणि अंगणात उतरवला. पिंप मांडलं, पाणी ओतलं. चुना खदखदायला लागला, पांढरी वाफ घराच्या वर गेली. मी बाह्या सरसावून काठी फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, आता यमू येईल आणि म्हणेल, दादा, घर उजळलं माहं!

बाया पाण्यातून परत आल्या. सगळ्यांत पुढे मारी. कुंपणापाशी थांबली. पिंपाकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवली. मी हसून हात जोडले. तिनं माझ्याकडे नाही, मागून येणाऱ्या यमूकडे पाहिलं, एक शब्द बोलली आणि टोपली उचलून निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या.

यमू दारात उभी. चेहरा पिंपातल्या चुन्यासारखा.

"दादा, हे काय करून ठेवलं तू?"

"अवं, गणपती आले..."

"चुना कायचा होय हा?"

"कायचा म्हणजे? चुन्याचा."

"तू भूगोल शिकवते ना?" ती ओरडली. नऊ वर्षांत साठलेलं सगळं त्या ओरडण्यात होतं. "इथं डोंगरात चुनखडी आहे का? पाण्यातला दगड जाळतेत थे! जिता दगड! म्हणून तं आमी भिंतीले चुना देत नाई. वीस बायांनी शपथ घेतली अन् पहिली शपथ म्या घेतली!"

प्रवाळाचा सांगाडा चुन्याचा असतो. प्रश्न दुसरा, गुण दोन. माझ्या पोरांनी चुकवला की मी कान पिळतो. मी पिंपात काठी धरून उभा राहिलो. वाफ अजून येत होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तीन बाया पहारी घेऊन बांबूंच्या आत शिरल्या. यमूनं पाहिलं आणि ती काही बोलली नाही, कारण बोलायला तिच्याकडं तोंड उरलं नव्हतं. माझ्यामुळं. मी ठरवलं, सांगायचं ते मीच सांगणार. संध्याकाळी माधवनं बायांना सुरूच्या झाडांखाली बोलावलं. मी वऱ्हाडीत बोललो, यमू क्रिओलमध्ये सांगत गेली. म्हणालो, हा चुना म्या आणला, माह्या बहिणीले माहीत नव्हतं. आमच्याकडे समुद्र नाई. आमच्याकडे चुना जमिनीतून निघते. मी मास्तर आहे पण गाढव आहे. यमू इथं अडखळली. मी म्हणालो, सांग, तसंच सांग. तिनं सांगितलं, तशा दोनचार बाया हसल्या.

मारी हसली नाही. तिचं बोलणं यमूनं मला सांगितलं नाही, माधवनं सांगितलं. ती म्हणाली, "पाहुणा खोटं बोलत नाही, दिसतं मला. पण चुना आला तो तिच्याच अंगणात. आता तीही त्याच्याबरोबर जाणार. उद्या या पोरी मला विचारतील, जिनं शपथ घातली ती आपल्या देशी गेली, तिच्या दारात चुना पडला, मग आम्हीच का उपाशी राहायचं? मी काय सांगू? मी म्हटलं होतं, राखीन. आता एकटीच्यानं होणार नाही."

 रेघेवर लाटा फुटत होत्या. मग यमू उठली आणि क्रिओलमध्ये दोन-तीनच शब्द बोलली. त्यातला एकही मला येत नव्हता, पण मला कळलं. मारीनं मान डोलावली. पहारी नेलेल्या तिघींपैकी एकीनं जवळ येऊन यमूच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर यमूनं ट्रंक उघडली आणि रमाचे फ्रॉक एकेक करून खुंटीवर परत अडकवले. मी म्हणालो, "यमू, मायचे डोळे..."

"बोलू नोको दादा," ती म्हणाली. "बोलला तं मी येईन."

मी बोललो नाही. आजवर मी गप्प बसून केलेलं एवढं एकच काम बरोबर झालं की चूक, ते मला ठरवता आलेलं नाही.

गणपती करड्या भिंतीपुढंच बसले. आरास म्हणून रमानं नारळाची झावळी लावली. पिंपातला चुना बुवांनी आणि मी गावामागं उसाच्या कडेला खड्डा खणून पुरला. पिंप धुताना तळाशी एक न विरलेला खडा सापडला. त्यावर बारीक बारीक चांदण्यांसारखी भोकं होती, एकेका भोकात एकेक जीव राहिलेला. तो मी खिशात ठेवला.

वरूड

गावी पोहोचलो तेव्हा माय अंगणात होती. मी एकटाच गाडीतून उतरलो, तरी ती माझ्या पाठीमागं पाहत राहिली. मी सगळं सांगितलं, माझ्या गाढवपणासकट. खडा तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग बोटांनी चाचपला.

"नाताळ म्हणजे कवा येते?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या दोन महिन्यानं."

"मंग येईन थे पोरगी," माय म्हणाली. त्या दिवाळीला तिनं सगळं घर चुन्यानं रंगवून घेतलं, फक्त ज्या खोलीत यमू लहानपणी झोपायची तिची एक भिंत ठेवली. म्हणाली, पोरगी आली म्हणजे आपल्या हातानं चुना मारन. आमच्याकडचा चुना जमिनीतला, त्याला कुणाची शपथ नाही.

माघ महिन्यात यमूचं पत्र आलं. मायच्या खाटेवर बसून मी वाचून दाखवलं. नाताळला बांबू काढले. बायांनी एका ओहोटीत जेवढे ऑक्टोपस धरले तेवढे मागच्या सबंध हंगामात मिळाले नव्हते, आणि एकेक हातभर लांब. गावात तीन दिवस कालवण शिजलं. मारीनं सगळ्यांत मोठा यमूच्या दारात आणून टांगला. पुढं लिहिलं होतं, "मग झाडाखाली बसून विचारलं, की आता उघडंच ठेवायचं का परत एक वर्ष बंद करायचं, अन् या खेपेला दुप्पट जागा. दादा, माझी ट्रंक भरलेली होती. कोणीच हात वर करेना, सगळ्या माझ्याकडं पाहून राहिल्या. मी पहिला हात वर केला. मायला सांग."

मी पत्राची घडी घातली. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्या उघड्या भिंतीकडेच.

"म्हणजे यंदाही नाई," ती म्हणाली.

"नाई, माय."

"चांगलं केलं पोरीनं," ती म्हणाली. मग तो खडा हातात घेऊन उगाच चाचपत राहिली. "म्याच शिकवलं होतं तिले. काहून शिकवलं असन म्या?"